राखून ठेवलेला पांढरा

व्यापारी कुटुंबाचा प्रवास हिशेबाने होतो, आणि तो तसाच व्हावा. दुकान किती दिवस दुसऱ्यावर सोपवायचे, कोणती गाडी, कोणती धर्मशाळा, सूर्यास्तापूर्वी जेवण कोठे मिळेल, परतताना कोणत्या पेठेत कोणता माल पाहायचा, हे सर्व निघण्यापूर्वीच ठरलेले असते. घरी आल्यावर या प्रवासाचा जमाखर्च कोणीही बिनचूक सांगू शकतो. मोबाइलमध्ये सहाशे छायाचित्रेही असतात. मात्र ज्या टेकडीवर पहाटे चढून गेलो तिचा रंग त्या वेळी कसा होता, तलावाचा पलीकडचा काठ जवळ भासत होता की दूर, असे कोणी विचारले तर उत्तरासाठी मोबाइल उघडावा लागतो. पाहण्याचे काम यंत्राकडे सोपवले की डोळ्याकडे त्या कामाची केवळ पावती उरते.

अशा प्रवासात एक सकाळ वेगळी घालवण्याची सोय आता अनेक शहरांत होऊ लागली आहे. नवशिक्यांसाठी जलरंगातील निसर्गचित्राचा दोन-तीन तासांचा वर्ग असतो. पूर्वानुभवाची अट नसते आणि साहित्य बहुधा तेथेच मिळते. तलावाच्या काठी, जुन्या देवळाच्या आवारात किंवा बागेत दहा-बारा माणसे मांडीवर फळी घेऊन बसतात आणि समोर दिसणारे कागदावर उतरवू पाहतात. वरवर पाहता हा मुलांचा खेळ आहे. चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाला तो सोपा जात नाही, आणि त्याचे कारण रंगांपेक्षा त्याच्या सवयींत अधिक आहे.

असा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. कारंजा गावचे किराणा व्यापारी, वय सहासष्ट. दुकानात आता मुलगा बसतो. तरी तिजोरीच्या किल्ल्या आणि अखेरचा शब्द अद्याप वडिलांचाच. डिसेंबरात नात्यातील लग्नासाठी सगळे नागपुरास आलेले आहेत आणि मुहूर्ताला दोन दिवस अवकाश आहे. इतवारीत फेरफटका झाला, ओळखीच्या अडतींवर चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी काय करावे हा प्रश्न उरला. महाविद्यालयात शिकणारी नात परस्पर दोघांची नावे नोंदवते आणि सकाळी सातला आजोबांना फुटाळा तलावाच्या काठी नेऊन बसवते. ज्यांना दुकानात कोणी ‘असे नव्हे, असे करा’ म्हटलेले नाही, त्यांच्या हाती आता कुंचला आहे, आणि मुलीच्या वयाची शिक्षिका त्यांना सांगते, “काका, कुंचला इतका घट्ट धरू नका.”

शेठजींची पहिली नजर अर्थातच मालावर जाते. जलरंगाचा कागद हाताला जाड लागतो. वहीचा साधा कागद प्रति चौरस मीटर साठ-सत्तर ग्रॅमचा असतो, हा ३०० ग्रॅमचा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग त्याच्या खळग्यांत साचतो, म्हणून एवढी जाडी. रंगाची घडणही किराणा व्यापाऱ्याला लगेच उमगणारी आहे. बारीक दळलेली रंगाची भुकटी आणि तिला बांधून ठेवणारा डिंक, एवढाच मुख्य ऐवज. हा डिंक बाभळीच्याच कुळातील झाडांचा. हिवाळ्यात लाडवांसाठी दुकानातून जो किलोकिलोने विकला जातो त्याचा जवळचा नातलग. पाणी उडून जाते, डिंक भुकटीला कागदाशी धरून ठेवतो. पेटीतील ‘बर्न्ट सिएना’ हा तांबूस रंग तर भाजलेली मातीच, गेरूची बहीण.

हे रंग प्रवासाला निघाले त्यालाही एक व्यापारी इतिहास आहे. पूर्वी चित्रकाराला रंग घोटून घ्यावे लागत. तैलरंग बाहेर न्यायचे तर जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावे लागत, आणि त्या पिशव्या फुटत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूची दाबता येणारी, झाकणाची नळी काढली. पुढे जलरंगही नळीत आले आणि चित्रकाराची खोली त्याच्या पिशवीत मावू लागली. महाराष्ट्रात घरोघरी ओळखीचे झालेले नाव कॅम्लिनचे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या भुकटीपासून हा उद्योग सुरू केला आणि पुढे तो रंगांकडे वळला. शाळेच्या दप्तरातील उंटाचे चित्र असलेली पेटी ज्यांना आठवते, त्यांनी जलरंगाचा पहिला धडा नकळत तेव्हाच घेतलेला असतो.

साहित्याच्या बाबतीत जैन घराने एक चौकशी आधीच करून ठेवावी. उत्तम मानले जाणारे पारंपरिक कुंचले प्राण्यांच्या केसांचे असतात. खारीचे केस, ‘सेबल’ नावाने विकले जाणारे थंड प्रदेशातील प्राण्याचे केस, आणि आपल्याकडे दीर्घकाळ मुंगसाचे केस. मुंगसाच्या केसांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. २०१९ मध्ये केंद्रीय वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘क्लीन आर्ट’ नावाची मोहीम काढून अनेक राज्यांत या कुंचल्यांच्या साठ्यांवर छापे घातले होते. केसांसाठी प्राणी मारला जातो, हे कुंचल्याच्या चकचकीत दांड्यावर लिहिलेले नसते. शंका इथेच संपत नाही. काही महागड्या कागदांना पाणी एकदम शोषू नये म्हणून जिलेटिनचा लेप दिलेला असतो, काही परदेशी रंगांत मध असतो, आणि ‘आयव्हरी ब्लॅक’ नावाचा काळा जाळलेल्या हाडांपासून होतो. पर्याय सर्वांना आहेत. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे कुंचले आता चांगले मिळतात आणि नवशिक्याला ते पुरून उरतात. काळा रंग निळा आणि तांबूस मिसळून करता येतो. शिवाय तो बाजारातील काळ्यापेक्षा जिवंत दिसतो. वर्गाची नोंदणी करतानाच कुंचले कशाचे आहेत असे विचारावे, किंवा स्वतःचे दोन कृत्रिम कुंचले पिशवीत टाकावेत. वजन नगण्य असते आणि मन निःशंक राहते.

आता कागदाकडे वळावे. शिक्षिका प्रथम रंग उघडूच देत नाही. पेन्सिलीने समोरचे दृश्य काढा, एवढेच सांगते. पाच मिनिटांनी ती फळ्यांवरून नजर फिरवते तेव्हा निम्म्या कागदांवर एकच चित्र असते. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, त्यातून वाहत येणारी नदी, एका बाजूस झोपडी, आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यांसारखे पक्षी. समोर डोंगर नाही, नदी नाही, झोपडी तर नाहीच. समोर एक शांत तलाव, पलीकडे झाडांची सलग काळपट रेघ आणि वर धुरकट आकाश आहे. हाताने जे काढले ते डोळ्याने पाहिलेले नव्हते. ते चौथीच्या वर्गात पाठ केलेले होते.

जलरंगाच्या वर्गाचा खरा विषय येथे सुरू होतो. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा ज्यांनी लहानपणी दिल्या, त्यांना स्थिरचित्र आणि स्मरणचित्र हे दोन वेगळे विषय आठवत असतील. मोठेपणी माणूस बहुतेक वेळ स्मरणचित्रच काढत असतो. गिऱ्हाईक दारात आले की त्याचा चेहरा पाहण्यापूर्वी त्याचे खाते आठवते. मुलगा बोलू लागला की त्याचे वाक्य संपण्यापूर्वी त्याचा मागचा चुकलेला सौदा आठवतो. झाड म्हटले की हिरवे, पाणी म्हटले की निळे, हा हिशेब मनात तयार असतो. सकाळी साडेसातला फुटाळ्याच्या पाण्याकडे नीट पाहिले तर ते निळे नसते. ते आकाशाचाच फिका राखाडी रंग घेऊन पसरलेले असते, आणि काठाजवळ झाडांच्या सावलीने जवळपास काळे होते. पलीकडची झाडे हिरवी नसून निळसर करडी दिसतात, कारण त्यांच्या आणि पाहणाऱ्याच्या मध्ये धूळ आणि बाष्प असलेल्या हवेचा मोठा थर असतो. जितके अंतर अधिक, तितका रंग फिका आणि निळसर. जितके जवळ, तितका गडद आणि उबदार. हा नियम एकदा ध्यानात आला की सपाट कागदावर अर्धा मैल अंतर दाखवता येते.

मग पाणी येते. जलरंगात चित्र रंगवणारा खरा कारागीर पाणीच आहे. माणसाने केवळ त्याची वेळ ओळखायची. तिरक्या धरलेल्या फळीवर आकाशाचा पातळ रंग वरून खाली ओढत आणतात आणि क्षितिजाजवळ त्यात पाणी वाढवून तो फिका करतात. कागद ओला असताना दुसरा रंग लावला तर कडा विरघळून ढग होतात. कागद वाळल्यावर लावला तर कडा धारदार राहून झाडाचा बुंधा होतो. या दोहोंच्या मध्ये एक फसवी वेळ असते. कागद ओलाही नसतो, वाळलेलाही नसतो. त्या वेळी पाणीदार कुंचला टेकवला की पाणी आधीच्या रंगाला बाजूला ढकलते आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा डाग उमटतो. दुकानात ज्यांना ‘उद्या’ म्हणवत नाही, त्यांच्या चित्रावर असे डाग हमखास दिसतात. शिक्षिका म्हणते, “काका, थांबा. कागद अजून तयार नाही.” शेठजी विचारतात, “किती मिनिटे?” ती सांगते की मिनिटांचे माप नाही, कागद तिरका धरून चमक गेली का ते पाहायचे.

हे माप गावागणिक आणि ऋतूगणिक बदलते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. कोरड्या हवेत आकाशाचा रंग कागदाच्या मध्यापर्यंत पोचण्याआधीच वर वाळून रेघ उमटते. कोकणात आषाढात तोच कागद तासभर ओला राहतो. डिसेंबर-जानेवारीतील नागपूरची सकाळ नवशिक्याला सर्वांत अनुकूल. ऊन कोवळे असते, वाळण्याचा वेग मध्यम असतो, आणि तलावावरचे हलके धुके दूरचे तपशील आपोआप पुसून टाकते, त्यामुळे काय गाळावे हा अवघड निर्णय निसर्गच घेतो. रंग वाळल्यावर फिका होतो, हेही याच वेळी कळते. ओला असताना जो योग्य वाटतो तो वाळल्यावर अर्धा उरतो. म्हणून पहिल्याच वेळी थोडा धीट रंग लावावा लागतो.

या सर्व धड्यांत एक धडा असा आहे की जो व्यापाऱ्याने आणि बँकेशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने विशेष लक्ष देऊन ऐकावा. जलरंगात पांढरा सहसा लावत नाहीत. पेटीत पांढऱ्याची नळी असते, पण ती वापरली की रंगाचे पारदर्शकपण जाते आणि चित्र मळकट होते. पाण्यावरची चमक, बगळ्याची पाठ, दूरच्या घराची उन्हातील भिंत, हा सर्व पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. तो आधी राखून ठेवावा लागतो. चित्र सुरू करण्यापूर्वीच ठरवायचे की या चार जागांना कुंचला लावायचा नाही. मग मोह कितीही झाला तरी त्यांच्या कडेने जायचे. एकदा रंग चढला की तो प्रकाश कितीही खर्च केला तरी पूर्वीसारखा परत येत नाही. तैलचित्रात चूक झाकता येते, वर नवा थर देता येतो. जलरंगाची रीत जुन्या रोजमेळासारखी. खोडता येत नाही; जे लिहिले ते दिसत राहते.

पेढीच्या भाषेत यालाच राखीव निधी म्हणतात. नफ्याच्या वर्षात तो अनावश्यक वाटतो, कारण त्यावर काही मिळताना दिसत नाही. जे दुकान सगळी रक्कम मालात गुंतवते ते तेजीत सर्वांत भरलेले दिसते आणि मंदीच्या पहिल्या महिन्यात उसनवारीला निघते. पैशाच्या बाबतीत हे शहाणपण व्यापारी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वेळेच्या बाबतीत मात्र हीच घराणी पूर्ण कागद रंगवून टाकतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकही जागा कोरी नसते. सुट्टीच्या दिवशी माल मोजणे, सणाच्या दिवशी उधारीचे फोन. मुलाच्या हाती दुकान दिल्यावरही वडील रोज दहाला येऊन बसतात, कारण घरी बसून काय करायचे हे कोणी शिकवलेले नसते. मुलाला निर्णय घेण्याइतकी मोकळी जागा मिळत नाही आणि वडिलांना उसंत मिळत नाही. एकाच कागदावर दोघे रंग भरत असतात आणि प्रकाशाला जागा उरत नाही.

शेठजींच्या सकाळीही हे घडतेच. सव्वाआठला मोबाइल वाजतो. दुकानावर तुरीचा ट्रक आला आहे, भाव काल ठरल्याप्रमाणे द्यायचा की थांबायचे? एक हात रंगात, कागदावर ओले आकाश. नेहमीची गोष्ट असती तर दहा मिनिटे बोलणे झाले असते. पण ओला कागद थांबत नाही; आत्ता खाली पाणी सोडले नाही तर क्षितिजावर रेघ उमटणार. “तुला योग्य वाटेल ते कर,” एवढे सांगून ते फोन ठेवतात. हे वाक्य मुलाने गेल्या सात वर्षांत प्रथमच ऐकले असेल. कागदाच्या ओलाव्याने ते घडवले. उपदेशाने घडले नसते.

नागपूरच्या मातीत हा अभ्यास नवा नाही. मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे १९२२ मध्ये जन्मलेले सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रकला विद्यालयात शिकले आणि मग मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये गेले. पुढे जगभर गाजलेल्या या चित्रकाराची आरंभीची ओळख निसर्गचित्रांची होती, आणि त्यांत जलरंगांचा वाटा मोठा होता. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे जन्मलेले हरी अंबादास गाडे हेही नागपूरच्याच विद्यालयातले. निसर्गचित्र हाच त्यांचाही आवडता प्रांत. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत हे दोघे होते, म्हणजे भारतीय आधुनिक चित्रकलेच्या त्या प्रसिद्ध गटातील एक तृतीयांश माणसे नागपूरच्या वर्गातून गेलेली होती.

रझांच्या आयुष्यातील दोन प्रसंग नवशिक्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. लहानपणी त्यांचे चित्त अभ्यासात स्थिर नसे. प्राथमिक शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सर्व विसरून त्याकडे पाहत राहण्यास सांगितले. तो ठिपका अनेक दशकांनी त्यांच्या चित्रांत ‘बिंदू’ म्हणून परत आला आणि त्यांची ओळखच ठरला. दुसरा प्रसंग प्रवासातला. १९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रे काढण्यासाठी गेले असता तेथे विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची भेट झाली. त्यांनी चित्रे पाहून सांगितले की गुण आहे, पण चित्राची बांधणी कच्ची आहे. सेझानचा अभ्यास करावा. त्या वेळी रझा नवखे नव्हते. दोन कलाशाळांतून शिकलेले आणि प्रदर्शने झालेले चित्रकार होते. तरी परक्या प्रवाशाचा तो शब्द त्यांनी मानला आणि १९५० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते फ्रान्सला शिकायला गेले. चूक दाखवणाऱ्याचे ऐकण्याइतके कोवळे राहणे हे वयावर अवलंबून नसते, एवढे यातून दिसते. साठीनंतरच्या नवशिक्याला नेमकी हीच गोष्ट जड जाते. कुंचला कसा धरावा हे पंचविशीतील मुलीकडून शिकायचे, शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाचे चित्र अधिक चांगले झालेले पाहायचे, आणि तरी उठून जायचे नाही.

व्यापाऱ्याला चित्राशी काय कर्तव्य, असेही कोणी म्हणेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या श्रेष्ठींनीच लिहवून घेतल्या आणि भांडारांना अर्पण केल्या. सोने आणि निळा खनिज रंग यांचा खर्च त्यांच्याच पेढ्यांतून झाला. चातुर्मासासाठी आचार्यांना निमंत्रण देताना श्रीसंघ लांबच लांब विज्ञप्तिपत्रे पाठवीत. त्यांपैकी अनेकांत आपल्या नगराचे रस्ते, दुकाने, देवळे, माणसे रंगवलेली असत, जेणेकरून दूरच्या गुरूंना गाव डोळ्यांपुढे दिसावे. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये विजयसेनसूरींना पाठवलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. आपले गाव नीट पाहावे आणि ते कोणाला तरी दाखवावे, ही इच्छा बाजारपेठेला परकी कधीच नव्हती.

वर्ग निवडताना काही साध्या गोष्टी पाहाव्यात. शिकणारे पंधरापेक्षा अधिक नसावेत, नाही तर शिक्षकाची नजर प्रत्येक कागदापर्यंत पोचत नाही. तीन तासांत एकच दृश्य असावे. तीन दृश्यांचे आश्वासन देणारा वर्ग छायाचित्रांच्या घाईचाच असतो. सकाळची वेळ उत्तम. बसण्याची जागा सावलीत हवी. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर चमकतो आणि रंगाचा अंदाज चुकतो. दोन भांडी पाण्याची ठेवावीत, एक कुंचला धुण्यासाठी आणि एक स्वच्छ. वर्ग संपल्यावर रंगीत पाणी तलावात ओतू नये. कॅडमियम, कोबाल्ट यांसारख्या धातूंचे काही रंग जलचरांना विषारी असतात. ते पाणी बाटलीत भरून परत आणावे. ज्या घरात पाणी गाळून वापरतात त्या घरातील माणसाला हे वेगळे सांगावे लागू नये.

एका वर्गाने चित्रकार होता येत नाही, आणि ती अपेक्षाही नसावी. घरी सराव करायचा असेल तर पुण्याचे मिलिंद मुळीक यांची जलरंगावरील पुस्तके अनेक नवशिक्यांच्या हाती दिसतात. त्यांचे शिक्षण अभियांत्रिकीचे, हेही उत्तेजन देणारे आहे. खरा सराव मात्र पुढच्या प्रवासात होतो. नागपूरहून सुमारे पन्नास किलोमीटरवर रामटेक आहे. शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी विदर्भातील अनेक कुटुंबे तेथे जातातच. दर्शनानंतर गाडी सुटेपर्यंतचा वेळ सहसा खरेदीत आणि चहात जातो. त्यातील एक तास गडाच्या पायथ्याशी, अंबाळा तलावाच्या काठी बसण्यास राखून ठेवता येईल. काठावरची देवळे, त्यांची पाण्यातील प्रतिबिंबे आणि मागचा डोंगर, एवढे पुरेसे आहे. रामटेक हाच कालिदासाचा रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. ते मान्य केले तर ‘मेघदूता’तील यक्ष याच डोंगरावर खिळून बसला होता, आणि एका जागी बसूनच त्याने मेघाला साऱ्या वाटेची दृश्ये सांगितली, असे म्हणावे लागते.

अशा तासाभरात जे चित्र होते ते बहुधा साधारणच होते. देऊळ किंचित कललेले असते, पाण्यावर एक डाग फुललेला असतो. ते चौकटीत लावण्याची गरज नाही आणि फाडून टाकण्याचीही नाही. मागे तारीख, गाव आणि बरोबर कोण होते एवढे लिहून ते हिशेबाच्या वहीत ठेवावे. काही वर्षांनी ती वही उघडली की त्या दिवसाचा भाव, भाडे, दलाली हे सर्व परके वाटेल. पण त्या कललेल्या देवळाकडे पाहताच हवेतला गारवा, नातीचे हसणे आणि पाण्यावर उजवीकडून पडलेले ऊन पुन्हा आठवेल. ते ऊन कागदावर कोणी रंगवलेले नसते. त्या सकाळी कुंचला आवरून जेवढी जागा कोरी राखली, तेवढेच ते असते.